रहाडीला सुतक

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

नवी डायरी दोन आठवडे कोरीच पडून होती. आज लिहावंसं वाटलं.

आल्हाद सकाळीच आला, तोही प्लंबरला बरोबर घेऊन. मला काही न विचारता ओट्यावरच्या भिंतीला भोकं पाडून पाणी शुद्ध करायचं मोठं मशीन बसवून गेला. "आई, प्यायला, स्वयंपाकाला हेच पाणी. दात घासायलासुद्धा." मला हसू आलं. म्हटलं, अरे, जन्म गेला माझा नाशिकचं पाणी पिण्यात. तो हसला नाही. "ऐक ना माझं," एवढंच म्हणाला. हातावर ठेवलेला तिळगूळ न खाताच खिशात टाकला आणि कामावर गेला. सिंहस्थासाठी सगळं गाव खणून ठेवलंय आणि आमच्या भागातल्या खोदाईवर त्याच्याच कंपनीची देखरेख आहे. श्वास घ्यायला फुरसत नाही पोराला. तरी आईची आठवण राहते. देवळालीला शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, प्रेम बोलून दाखवायचं नसतं, करून दाखवायचं असतं. माझ्या मुलाला ते कुणी न शिकवता आलं.

संध्याकाळी तळमजल्यावरची इंदिरा वाण घेऊन वर आली. हे गेल्यापासून मी हळदीकुंकू करत नाही, पण ती दर वर्षी येते, दामटून माझ्या कपाळाला बोट लावते आणि म्हणते, "लोकांचे नियम लोकांपाशी." मशीन बघून म्हणाली, "बाई गं, विमानच उतरवलंय की ओट्यावर!" तिच्यामागून तिची सून वेदिका, काळी साडी, पाचवा महिना, जिना चढून दमलेली. तिच्या बाळासाठी मी झबलं शिवायला घेतलंय. छातीवर बारीक चुण्यांचं स्मॉकिंग, शाळेत शिकलेलं. मुलगा की मुलगी माहीत नाही, म्हणून दोरा पिवळा घेतला.

२७ जानेवारी, मंगळवार

नळाला पिवळं पाणी येतंय. गेल्या आठवड्यात वाटलं, टाकी धुतली असेल. आज वासही होता. खाली नळाशी बायकांची थट्टा चाललेली, "यंदा रहाडीचं पाणी आधीच सोडलं वाटतं!"

मलाही हसू आलं. आमच्या कवठी चौकाच्या रहाडीचा रंग पिवळा. लग्न होऊन मी देवळाली कॅम्पातून इथे आले तेव्हा कितीतरी महिने त्या रस्त्यावरून चालत होते. पायाखाली रहाड म्हणजे खोलीएवढा दगडी हौद पुरलेला आहे, याचा पत्ता नव्हता. मग रंगपंचमीला रस्ता उकरला, फळ्या काढल्या, हौद भरला, फुलांचा रंग उकळून ओतला आणि इंदिराच्या नवऱ्याने, शामसुंदरभावजींनी, पूजा करून पहिली उडी मारली. त्यांच्या घराकडे मान आहे तो पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्यामागून सगळा गाव. मी गॅलरीत उभी राहून ओरडले होते, बुडाले! बुडाले! इंदिरा अजून त्यावरून चिडवते.

दुपारी वेदिका कवठाची चटणी घेऊन आली. जिना चढून तहान लागलेली, तिला मशीनचं पाणी दिलं. दोन पेले प्यायली. "काकू, तुमचं पाणी किती गोड लागतं!"

आल्हादला फोनवर हे कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "तिला म्हणावं, उकळून पी. आणि आई, मशीनचं फार कुणाला सांगत बसू नकोस. सगळे भरायला येतील." खरंय. तळमजल्यापासून रांग लागायची.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गल्लीत कावीळ आहे. कवठाच्या झाडाखाली फुलं विकणारी साळूबाई, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. समोरच्या घरातली दोन मुलं. आणि काल वेदिका जिन्यात भेटली तेव्हा तिच्या डोळ्यांत ऊन पडलंय असं मला वाटलं. ऊन नव्हतं.

इंदिराबरोबर पाण्याच्या ऑफिसात गेले. मी इंग्रजीत बोलले की माणसं उठून उभी राहतात, म्हणून ती मला नेते. तिथल्या साहेबाने बाटली उजेडात धरून बघितली. "मॅडम, हा गाळ आहे. खोदाई चालू आहे ना? चार दिवस कळ काढा."

"आणि तोवर प्यायचं काय?" इंदिरा म्हणाली. "एक टँकर तरी पाठवा चौकात."

"टँकर नाहीत हो मावशी. सगळे कामांवर आहेत."

"मावशी काय? मी तुझी कोण लागते?" ती म्हणाली. "मावशी असते तर हे पाणी प्यायला लावलं असतंस का?"

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, तू उगीच तोडून बोलतेस, गोडीने काम होतं. नगरसेवक शेखरभाऊंना चिठ्ठी लिहू. ती म्हणाली, "लिही. तुझं अक्षर छान आहे."

२८ फेब्रुवारी, शनिवार

वेदिका गेली.

पोटातलं बाळ परवाच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात ही कावीळ फार वाईट. पाण्यातून होते.

झबल्याची एक बाही राहिली होती.

३ मार्च, मंगळवार

इंदिराकडे जाऊन बसते. बोलत नाही ती. शामसुंदरभावजी खिडकीत बसून असतात, मुलगा सोमनाथ भिंतीला टेकून. आज निघताना इंदिराने एकदम विचारलं, "ललिता, तुझ्याकडे ते मशीन कधी बसवलं गं?"

"संक्रांतीला. का गं?"

"काही नाही. सहज." थोड्या वेळाने म्हणाली, "संक्रांतीला नळाचं पाणी चांगलं होतं ना?"

"हो. नंतर बिघडलं ते."

तिने मान हलवली. बिचारीचं मन कुठेतरी भरकटतंय. दुःखात माणूस भलतंच धरून बसतं.

चौकात मात्र मांडव पडतोय. आमच्या चौकाचा नियम असा की मानकऱ्याच्या घरी सुतक असेल तर त्या वर्षी रहाड उघडायची नाही. भावजींच्या आईच्या वेळी नव्हती उघडली. पण शेखरभाऊ काल सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "मानकरी सुतकात आहेत, चौक नाही. परंपरा खंडित होऊ देणार नाही. पूजा मी करतो." पाहुणे बोलावलेत, डीजे ठरलाय, टीव्हीवाले येणार. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा. फुकटच्या भांडणात शिरायचं नाही अशी सवय लागलीय मला. लहानपणापासूनची.

८ मार्च, रविवार. रंगपंचमी

अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

सकाळी शेखरभाऊंचा फ्लेक्स लागला. एकीकडे रंगपंचमीच्या शुभेच्छा, दुसरीकडे महिला दिनाच्या, दोन्हींच्या मध्ये हात जोडून ते स्वतः. रहाड उकरलेली, फळ्या रचून ठेवलेल्या. कढईत फुलांचा रंग उकळून निवत ठेवलेला. मग टँकर आला. इतकं निर्मळ पाणी चौकात किती दिवसांनी बघितलं! जाडजूड पाइप हौदात सोडला. टँकरचा माणूस चावी फिरवणार, एवढ्यात इंदिरा घरातून बाहेर पडली.

विटकी साडी, केसांना तेल नाही, कडेवर पितळी हंडा. गर्दी दुभंगली. आदराने नाही. सुतकातल्या बाईचा स्पर्श नको, म्हणून माणसं अंग चोरून मागे सरली. ती सरळ रहाडीच्या पायऱ्या उतरली, तळाशी गेली, हंडा ठेवला आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. मी गॅलरीतून सगळं बघत होते.

डीजे बंद झाला. शेखरभाऊ काठावर वाकले. "काकू, वर या. मुहूर्त टळतोय."

"कुणाचा?"

"अहो, सुतकात आहात तुम्ही. रहाड बाटेल."

"बाटली," इंदिरा म्हणाली. तिचा आवाज त्या दगडी हौदातून असा वर आला की मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला. "आता रहाडीलाही सुतक लागलं. मारा उड्या."

कुणी हललं नाही.

"माझी सून पाणी पाणी करत गेली, शेखर. एक टँकर मागितला होता तुझ्याकडे. ललिताने चिठ्ठी लिहिली होती. नाहीत म्हणालास. मग हा कुठून आला?"

शेखरभाऊ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "काकू, हा टँकर परंपरेसाठी आहे."

गर्दीत कुणीतरी हसलं. एकच माणूस. पण ते हसणं हळूहळू पसरत गेलं, आणि ते चांगलं हसणं नव्हतं. शेखरभाऊंचा चेहरा उतरला. त्यांच्या बाजूच्या कुणीतरी म्हटलं, "सोड रे पाणी. आपोआप वर येतील." कोण म्हणालं ते आता कुणीच कबूल करत नाही.

आणि चावी फिरवली.

पाण्याचा लोट तिच्या छातीवर बसला. हंडा दगडावर आपटला, त्याचा टणत्कार अजून माझ्या कानात आहे. ती उठली नाही. उठायचा प्रयत्नही केला नाही. हात जमिनीला टेकून बसून राहिली आणि पुढच्या क्षणी आडवी होऊन पायरीवर आदळली.

मी तीन जिने कशी उतरले आठवत नाही. खाली पोचले तोवर सोमनाथने आणि पोरांनी तिला वर काढलं होतं. खांदा लोंबत होता, शुद्ध नव्हती. लोक रिक्षा रिक्षा ओरडत होते. आणि शामसुंदरभावजी, ज्यांचा चढा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही, ते हातातली काठी कढईखाली घालून ती उलथत होते. पिवळा रंग फ्लेक्सच्या पायापाशी वाहत गेला. मग त्यांनी एक फळी उचलली आणि रहाडीवर टाकली. एकट्याने. दुसरी उचलताना चौघे धावले.

साळूबाई इंदिराचा पोचा पडलेला हंडा घेऊन टँकरपाशी गेली. "भरून दे रे बाबा. लय झालं आता. या गं बायांनो, हंडे आणा! परंपरेचं पाणी हे, फुकट हाय!" ड्रायव्हरने इकडेतिकडे बघितलं, पाइप तिच्या हातात दिला आणि स्वतः कवठाखाली जाऊन बसला.

संध्याकाळपर्यंत ते चित्र गावभर फिरलं. शेजारच्या चौकातल्या पोरांनी खेळ अर्ध्यावर थांबवला, ओल्या अंगाने त्यांच्याही रहाडीवर फळ्या टाकल्या. मग त्याच्या पुढच्या चौकात. सगळीकडे एकच शब्द, सुतक आहे.

९ मार्च, सोमवार

आज वेदिकाचा दहावा. बायका घाटावर जात नाहीत. मी गेले.

सोमनाथ आणि दोन नातेवाईक, एवढेच असतील असं धरून चालले होते. नाशकात दहाव्याला कुणाकडे कोण बघतं, रोजचंच ते. पण घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. न्हाव्यांपुढे रांगा लागल्या होत्या. ज्यांनी वेदिकाला कधी बघितलं नाही अशी माणसं डोकी भादरून घेत होती. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, पिंपळगावहून द्राक्षांचा टेम्पो रिकामा करून तसाच आलेला एक शेतकरी. न्हाव्याने विचारलं, कोण लागत होती? तो म्हणाला, "बहीण. तुझी कोण?" न्हाव्याने पैसे घेतले नाहीत.

पिंडाला कावळा शिवेना. एवढ्या गर्दीत कसा येणार? गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू. सोमनाथ म्हणाला, "नको." कालपासून पहिल्यांदा बोलला तो. "दोन महिने गटार आमच्या नळात शिरत होतं. ज्या कुणाला हे माहीत होतं आणि गप्प बसला, त्याचं नाव पाहिजे मला. त्याशिवाय उठणार नाही."

कुणीतरी मागून म्हटलं, "नावं काढू!" मग घाटभर तेच. नावं काढू. पाठीमागच्या पुलावरूनसुद्धा. मीही ओरडले. माझा घसा अजून दुखतोय. कावळा शिवला की नाही, मला दिसलं नाही.

११ मार्च, बुधवार

बाजारपेठ बंद. पंचवटी बंद. नाशिकरोडच्या बायका बाटल्यांतून आपल्या नळाचं पाणी घेऊन आल्या, आमच्यासारखंच. प्रत्येक जण बाटली आणतो आणि रहाडीच्या फळ्यांवर ठेवतो. पिवळी, तपकिरी, एखादी स्वच्छ. स्वच्छ बाटली आणणाऱ्याला साळूबाई विचारते, "तुमचं वॉर्ड कोनाचं, साहेबाचं का?"

काल ऑफिसवर मोर्चा गेला. पोलिसांनी काठ्या चालवल्या, एका मुंडण केलेल्या मुलाचं डोकं फुटलं. केस नसल्यामुळे रक्त फार दिसतं. मग दगड गेले. ज्या काचेमागे बसून त्या साहेबाने आमची बाटली उजेडात धरली होती, ती काच खळ्ळकन खाली आली. सिस्टर अ‍ॅग्नेस, मला माफ करा. आयुष्यात पहिल्यांदा काच फुटण्याचा आवाज मला गोड लागला.

इंदिराला शुद्ध आली. खांद्याचं हाड मोडलंय. मला बघून डोळे मिटले.

रात्रीच्या बातम्यांत कुणी मोठे अधिकारी सांगत होते, "पाइपलाइनमधला दोष रंगपंचमीनंतरच्या तपासणीत प्रथमच लक्षात आला. त्याआधी कुणालाही कल्पना नव्हती."

मी पाणी प्यायला उठले. पेला मशीनखाली धरला आणि तसाच धरून उभी राहिले. पेला भरून वाहू लागला.

आल्हाद काळजी करतो. एवढंच असेल. आईची काळजी सगळेच करतात.

दात घासायलासुद्धा.

१२ मार्च, गुरुवार

संध्याकाळी आल्हाद आला. येताक्षणी म्हणाला, "आई, तू खाली चौकात जाऊन बसू नकोस. सगळीकडे कॅमेरे आहेत."

घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही मला सासूबाईंची शिकवण. मी पेला भरून त्याच्यापुढे ठेवला. त्याने उचलला, ओठांपर्यंत नेला आणि त्याची नजर भिंतीवर गेली. मशीनचा दिवा विझलेला होता.

"हे कुठलं पाणी?"

"नळाचं."

त्याने पेला खाली ठेवला. इतका हळू की आवाज झाला नाही. गर्दीच्या दगडाने काच फुटावी तसं त्या न झालेल्या आवाजाने माझ्या आत काहीतरी फुटलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"आई..."

"कधीपासून?"

"डिसेंबरात खोदताना गटाराची लाइन फुटली. मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. पण लाइन बदलायची तर झालेला रस्ता पुन्हा फोडायला हवा, आणि पाहणीचा दौरा होता. साहेब म्हणाले, पाहणी होऊ दे, मग बघू. पट्टी मारून झाकलं. मी एकटा काय करणार होतो?"

"तीन जिने उतरायचे होतेस. वेदिका खाली राहत होती. तू लहान असताना इंदिराच्या हातची खिचडी खायला धावत जायचास ते जिने. तिच्या दारात उभं राहून म्हणायचं, काकू, नळाचं पाणी पिऊ नका."

"आणि ते बाहेर गेलं असतं म्हणजे? माझी नोकरी, तुझ्या नातवाची शाळा, घर... तुला कळत नाही आई, या जगात कसं चालतं ते." मग तो रडायला लागला आणि रडता रडता म्हणाला, "मी तुला तर वाचवलं ना!"

मी त्याला मारलं. वयाच्या पाचव्या वर्षी त्याने मांजरीचं पिल्लू हौदात टाकलं होतं, तेव्हाही नव्हतं मारलं. आज मारलं. माझा हात अजून झोंबतोय आणि मला वाईट वाटत नाही. मला वाचवलं, म्हणजे बाकीचे बुडणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या भिंतीला भोकं पाडताना ठाऊक होतं. माझ्या हातचा तिळगूळ खिशात टाकताना ठाऊक होतं. आणि मी त्याचं कौतुक लिहिलंय, याच डायरीत. कुणाला सांगू नकोस म्हणाला, तर नाही सांगितलं. रांग लागेल म्हणून! वेदिका म्हणाली तुमचं पाणी गोड लागतं, तेव्हा मला एकदाही सुचलं नाही की रोज एक कळशी भरून खाली पाठवावी.

जाताना तो दारात थांबला. मी म्हटलं, "उद्याचा दिवस आहे तुझ्याकडे. चौकात ये, सोमनाथपुढे उभा राहा आणि साहेबांसकट सगळ्यांची नावं सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी एकटी उभी राहीन."

१३ मार्च, शुक्रवार

दिवसभर गॅलरीत बसले. वेदिकाच्या तेराव्याचं काल झालं, पण साळूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "घरचं फिटलं, रहाडीचं नाय फिटलं." कधी फिटणार विचारलं की म्हणते, "नावं येऊ द्या की."

आल्हाद आला नाही. सूनबाईचा फोन आला. ती काय म्हणाली ते लिहीत नाही. तिच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. तो तुमचा मुलगा आहे, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू मी विसरलेय. विसरता आलं असतं तर सोपं होतं.

दुपारी इंदिराला घरी आणलं.

१४ मार्च, शनिवार

सकाळी पुन्हा वाट पाहिली. जेवणवेळ टळली. मग बाबांची हत्यारांची पेटी काढली. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त होताना त्यांना मिळालेली, तिच्यातल्या पान्याने मशीन काढलं. उरलेलं पाणी ओट्यावरून माझ्या पायांवर सांडलं. मशीन जुन्या चादरीत बांधलं आणि उचललं. जड आहे. प्रत्येक वळणावर टेकवत, श्वास घेत तीन जिने उतरले.

इंदिरा फळ्यांवर बसली होती, खांदा बांधलेला, चहूकडे बाटल्या. मंडळींत बसलेला सोमनाथ मला बघून उठला, ओझं घ्यायला पुढे झाला. मी दिलं नाही. चादर सोडली आणि मशीन बाटल्यांच्या मध्ये ठेवलं.

घरून वाक्यं ठरवून आले होते. पहिल्यांदा इंग्रजीत ठरवली होती, घाबरले की मी तसं करते. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"हे माझ्याकडे संक्रांतीला बसवलं. तेव्हा नळाचं पाणी दिसायला स्वच्छ होतं. ज्याने बसवलं त्याला माहीत होतं की गटार फुटलंय. त्याच्या साहेबांना माहीत होतं. झालेला रस्ता पुन्हा फोडायला नको, म्हणून झाकलं. त्याचं नाव आल्हाद. माझा मुलगा आहे. बाकीची नावं त्याला माहीत आहेत. विचारा त्याला."

मोबाइल वर झाले. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा सांगा बाई, नाव पुन्हा सांगा." सांगितलं. दोनदा. एक मुंडण केलेला मुलगा शिवी देऊन पुढे आला, साळूबाईने हात आडवा घातला. "तिला नको रे! तिनं आणलंय न्हवं!" सोमनाथ माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत जे होतं ते मी आल्हादच्या वाट्याचं घेतलं आणि माझ्याही वाट्याचं. मग तो काही न बोलता ऑफिसच्या रस्त्याला लागला. त्याच्यामागे सगळा चौक उठला. घोषणा दिली नाही कुणी. नुसते पायांचे आवाज.

मी आणि इंदिरा, दोघीच उरलो.

"मला वाटलं होतं, त्या दिवशीच कळेल तुला," ती म्हणाली. "मी मशीनचं विचारलं तेव्हा."

"तुला ठाऊक होतं?"

"स्वच्छ पाण्याला मशीन कोण लावतं, ललिता?"

"मग बोलली का नाहीस? लोक नावं मागत होते..."

"मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, हिचं दुःख बोलतंय." तिने मोडका खांदा जरा सावरला. "तू कधी आणतेस ते बघत होते. उशीर केलास."

"हो."

मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. पण आपली साडी आवरून घेतली आणि फळीवर थोडी सरकली, माझ्यापुरती.

मी बसले.